‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळात प्रोटेक्शन मिळालं की क्रीचरवरची ऑरा आणि इक्विपमेंट पडतात का?

भाऊ, भुसावळच्या तुमच्या डावातला वाद असा दिसतो: तुमच्या क्रीचरवर (लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डावर) समोरच्याची पॅसिफिझम ही ऑरा (क्रीचरला चिकटणारं जादूचं कार्ड) होती, तुम्ही गॉड्स विलिंग हे कार्ड टाकून ‘प्रोटेक्शन फ्रॉम व्हाइट’ (पांढऱ्या कार्डांपासून संरक्षण) दिलं, मग पॅसिफिझम राहते का?

नाही राहत. ऑरा पांढरी, त्यामुळे ती लगेच मालकाच्या ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) जाते. हे ऑरा पडणं स्टॅकवर (परिणाम घडण्याआधी जिथे थांबतात त्या रांगेत) येत नाही, म्हणून मधे कुणी रिस्पॉन्स देऊ शकत नाही. टर्न संपल्यावर प्रोटेक्शन जातं, पण ऑरा परत येत नाही.

मात्र तुमची स्वतःचीही पांढरी ऑरा असेल तर तीही गेली! प्रोटेक्शन आपलं-परकं बघत नाही. लोक इथेच फसतात. व्हाइट वॉर्डसारखी ऑरा स्वतःच प्रोटेक्शन देऊनही टिकते, कारण तसं कार्डावरच लिहिलेलं असतं.

इक्विपमेंटचं (क्रीचरला जोडायच्या हत्यारांच्या कार्डांचं) वेगळं. बोनस्प्लिटर या इक्विपमेंटला रंगच नाही, तेव्हा ‘फ्रॉम व्हाइट’ने काही होत नाही. ‘फ्रॉम आर्टिफॅक्ट्स’ (वस्तूंच्या कार्डांपासून; इक्विपमेंट त्यातच येतं) असेल तर ते सुटतं, पण बॅटलफील्डवरच राहतं. नंतर इक्विपचा (जोडण्याचा) खर्च पुन्हा भरायचा.

हेक्सप्रूफने (विरोधकाला टार्गेट करू न देणाऱ्या क्षमतेने) आधी बसलेली ऑरा हलत नाही. आणि ‘सगळे क्रीचर्स डिस्ट्रॉय करा’ म्हणणाऱ्या कार्डापुढे प्रोटेक्शनही कामाचं नाही, कारण ते कार्ड कुणाला टार्गेट करतच नाही.