बंधाऱ्याच्या दुरुस्तीतच पुळणीवर उतरायची वाट मागावी का?

तुमच्याकडे समुद्रकाठच्या खचलेल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची (लाटांनी किनारा झिजू नये म्हणून रचलेल्या दगडी बांधाची) दुरुस्ती निघालीय आणि त्यातच पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उतरायला पायऱ्या मागितल्या तर बंधारा कमकुवत होईल का, असं तुम्ही विचारलंय. मागा. काम सुरू व्हायच्या आधी मागा. "पायऱ्या पुढच्या टप्प्यात बघू" याचा अर्थ "कधीच नाही" असा होतो.

आमच्याकडे दुरुस्ती निघाली तेव्हा मी बैठकीत हेच मागितलं होतं. बंधाऱ्याचं काम बघणारे साहेब म्हणाले, "मधे वाट ठेवली की लाटा तिथूनच घुसणार. तांत्रिक बाब आहे, तुम्ही यात पडू नका." या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दगड पडले. रोज संध्याकाळी पाण्यापर्यंत जाणारी माझी आई तेव्हापासून वरूनच समुद्र बघते. बाकीचे दगडांवरून चढउतार करू लागले. कुणीतरी मोठ्या दगडांच्या फटीतले लहान दगड पहारीनं उचकटले आणि वाळूची पोती रचली. पहिल्याच मोठ्या उधाणात पोती गेली, आतलं माती धरून ठेवणारं जिओटेक्स्टाईल कापड फाटून बाहेर लोंबायला लागलं, मागची माती वाहून गेली आणि बरोबर तिथंच बंधारा खचला. साहेब म्हणतात लोकांनी नासधूस केली. माणसं पाण्याकडे जाणारच होती, मग ते नकाशात का नव्हतं?

समुद्राकडे सरळ उघडणारी फट ठेवली तर लाट आत धावते, हे खरंच आहे. म्हणून तर पायऱ्या बंधाऱ्याच्या अंगालगत, किनाऱ्याला समांतर उतरवतात. शेवटची पायरी आज दिसणाऱ्या वाळूवर टेकवू देऊ नका. वादळी दिवसांत वाळू आत समुद्राकडे सरकते, पुळण खाली जाते आणि पायरी अधांतरी राहते. तीही बंधाऱ्याच्या पायाइतकीच खोल न्यायला लावा. जागा असेल तर रॅम्पही मागा, उतार १:१२ पेक्षा, म्हणजे बारा फुटांत एक फूट यापेक्षा, जास्त नको.

आणि मजबुतीचाच मुद्दा निघाला तर दगडाच्या वजनाचं विचारा. लाटेची उंची दुप्पट धरली तर दगड आठपट वजनाचा लागतो. बंधारे बहुधा हलके दगड वापरल्यानं आणि पाया उथळ ठेवल्यानं खचतात, नीट बांधलेल्या पायऱ्यांनी नाही.

अर्थात भरतीचं पाणी रोज बंधाऱ्याला लागत असेल, तर पायऱ्या ओहोटीपुरत्याच कामाच्या आणि शेवाळानं निसरड्या होणार, कठडा लागेलच. दगडांऐवजी उभी भिंत सुचवली तर मात्र हरकत घ्या. तिच्यावरून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडून नेते, मग उतरायचं कुठं? बैठकीत कुणी "तांत्रिक बाब" म्हणालं, तर वाटेच्या जागचा उभा छेद (तिथं बंधारा उभा कापला तर आत कसा दिसेल ते) नकाशावर दाखवायला सांगा, लेखी.