वाचक विचारतात : सूर्य अस्वलाचे पिल्लू जंगलात परत कसे जाते?

प्रश्न : आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावर घरात पाळलेली सूर्य अस्वलाची (तिथल्या जंगलातले लहान चणीचे अस्वल) पिल्ले सोडवून आणली की वर्षानुवर्षे केंद्रात ठेवतात. थेट जंगलात का सोडत नाहीत?

उत्तर : सोडले तर ते उपाशी मरेल. हे पिल्लू साधारण दोन वर्षे आईच्या मागे फिरते. कुजका ओंडका कसा फोडायचा, वाळवी कुठे उकरायची, ढोलीतला मध कसा काढायचा, हे सगळे ते तिच्याकडे पाहून शिकते. पिल्लू पकडताना आईला बहुधा मारलेलेच असते. मलेशियाच्या साबा राज्यात सेपिलोकला २००८ साली सुरू झालेले बोर्नियन सन बेअर कॉन्झर्वेशन सेंटर ही उणीव भरून काढण्याचे काम करते.

नवे पिल्लू आधी इतरांपासून वेगळे ठेवावे लागते. जंत आणि क्षय तपासायलाच हवेत, कारण क्षय माणसाकडूनही लागू शकतो. गाईचे दूध देऊ नये. त्यातली दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, पिल्लाला नीट पचत नाही, जुलाब लागतात आणि अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. लॅक्टोज नसलेले दूध द्यावे आणि एका वेळी वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपासच थांबावे, म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला १०० मिली. पाजताना पिल्लू पालथे हवे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरले की दूध श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. नुसत्या भातावर वाढवलेल्या पिल्लांची हाडे कॅल्शियमअभावी वाकतात. अशा पिल्लाला झाडावर चढू देण्याआधी एक्स-रे काढावा.

प्रश्न : आयते खायला मिळत असताना ते रानटी कसे होणार?

उत्तर : आयते द्यायचेच नाही! रोज ठरल्या वेळी, ठरल्या माणसाने ताट ठेवले की अस्वल दारापाशी येरझारा घालू लागते, आणि ही सवय मोडायला फार कष्ट पडतात. अन्न ओंडक्यांच्या भोकांत, पाल्याखाली, फांद्यांवर लपवावे. वेळ आणि जागा बदलत राहावी. लहान पिल्लांना एक-दोन ठरावीक माणसांनीच जंगलात फिरवावे. पुढे वीजप्रवाही कुंपणाच्या आतले जंगल द्यावे. कुंपण रोज फिरून पाहावे लागते. ओली वेल तारेला टेकली की प्रवाह जमिनीत उतरतो आणि झटका बसेनासा होतो. कुंपणालगतच्या झाडाची फांदी बाहेर झुकलेली असेल, तर अस्वल तिच्यावरून निघून जाते.

प्रश्न : सोडायची वेळ झाली हे कसे ओळखतात?

उत्तर : ते स्वतः अन्न शोधते का, झाडावर फांद्या मोडून झोपायला माच करते का, आणि माणूस दिसला की दूर जाते का, हे पाहावे. आमच्या मते तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. माणसाकडे धावत येणारे अस्वल पहिल्याच वस्तीत मारले जाते. या केंद्राने २०१५ साली पहिले अस्वल साबातल्याच ताबिन अभयारण्यात हेलिकॉप्टरने नेऊन सोडले. रस्त्यापासून दूर जागा हवी असते ती याचसाठी.

सोडलेले अस्वल कुठे आहे हे उपग्रहामार्फत कळवणाऱ्या गळ्यातल्या पट्ट्याचे गणित नाजूक आहे. या अस्वलाची मान जाड असल्याने सैल पट्टा डोक्यावरून निसटतो, तर घट्ट पट्टा वाढत्या वयात मानेत रुततो. म्हणून ठरावीक काळाने आपोआप गळून पडणारा पट्टा वापरावा. दाट पानोऱ्याखाली संकेत तुटक मिळतात. एक-दोन दिवस नोंद आली नाही म्हणून अस्वल मेले असे धरू नये.

प्रश्न : सुळे किंवा नखे काढलेल्या अस्वलाचे काय?

उत्तर : त्याला सोडता येत नाही. ओंडका फोडणे त्याला जमणार नाही. ते वीस वर्षांहून अधिक जगू शकते, त्यामुळे तेवढ्या काळाची जागा आणि खर्च केंद्राने आधीच धरून चालावे.