शेतावरून हाय टेन्शन लाइन जाणार आहे, कंपनीच्या मीटिंगला जाऊन काय उपयोग?

जा की. सगळं ठरवूनच आलेले असतील तर कशाला जायचं असं तुम्ही विचारलंय, पण मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, आमच्या काजूवरून अशीच 400 केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन गेलीय, म्हणून सांगतो, मोजणीच्या खुंट्या पडायच्या आधी जा. आमच्याकडं उलटं झालं. आधी बांधावर लाल रंगाच्या खुंट्या आल्या, मग महिन्याभरानं समाजमंदिरात पडदा लावून मीटिंग, तीपण कन्नड-इंग्लिशमधे, चहा-वडा, आणि हजेरी म्हणून कोऱ्या कागदावर सह्या. त्याच सह्या नंतर 'ग्रामस्थांना माहिती दिली' म्हणून फाइलला लागल्या.

खरी गंमत पंचनाम्यात झाली (आता गंमत म्हणतोय, तेव्हा आई दोन दिवस धड जेवली नव्हती). काजूच्या 14 झाडांपुढं कन्नडात 'गिडा' लिहिलेलं. आपल्याकडचे कन्नड बोलणारे झाडाला सर्रास गिडाच म्हणतात, त्यामुळं चुलत्यांनी वाचून दाखवलं तेव्हा कुणालाच काय खटकलं नाही. पण कागदी कन्नडात झाड म्हणजे मर, गिडा म्हणजे रोप, आणि भरपाई आली ती रोपांची. वीस वर्षांची झाडं हो! परत मोजणी लावून, एकेका खोडाचा घेर टेपनं मोजून, फोटो काढून निस्तरेपर्यंत सात महिने गेले. आणि कुठलं झाड कधीचं हे सगळं माहीत होतं आईला, मीटिंगला गेलो होतो आम्ही बाप्ये.

कायद्याचं म्हणाल तर टॉवरलाइनला जमीन संपादन होत नाही, उताऱ्यावर नाव तुमचंच राहतं, आणि मोठ्या धरणाला लागते तशी पर्यावरणाची जनसुनावणीपण लागत नाही. विद्युत कायदा 2003 च्या कलम 164 मधून कंपनीला 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार मिळतात, अडवलं तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑर्डर काढू शकतात. तेव्हा 'सही दिली नाही तर लाइन येतच नाही' असं कट्ट्यावर कोण सांगायलं असेल तर त्याच्या नादाला लागू नका. भांडायचं ते लाइन कुठून जाते आणि पैसे किती यावर. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायालयात जाता येतं.

केंद्राच्या जून 2024 च्या सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के धरलेत, पण ते राज्यानं लागू करायचं असतं, म्हणून 'आमच्याकडं कुठला दर लावणार' ते कंपनीकडून लेखी मागा. पट्ट्यात घर बांधता येत नाही, उंच झाड ठेवत नाहीत. ऊस चालतो, पण फड पेटवायचं विसरा, जाळ-धूर वर गेला की लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते.

सर्वे नंबर घातलेला नकाशा मागा, मराठीत समजावून सांगा म्हणा, वर मजकूर नसलेल्या कागदावर सही करू नका. शेजारच्या गावानं खुंट्या पडायच्या आधीच नकाशा मागितला होता, त्यांच्या विहिरीजवळचा टॉवर तीस पावलं सरकून पडीक मुरमाडावर गेला. आमचा आहे तिथंच आहे.