भाऊ कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून सुटतोय. सांगली जिल्ह्यात काम मिळेल, की ओळख नसलेल्या राज्यात पाठवू? कागदपत्रं कोणती लागतील?

कागदपत्रांचं खाली थोडक्यात सांगतो. "ओळख नसलेल्या राज्यात" यावर मात्र मला बोलायचंय, कारण आमच्या घरात हा वाद अजून चालू आहे.

मी खानापूर तालुक्यातला. बांधावरून कुऱ्हाड चालली, जुन्या दंड संहितेच्या कलम 326 खाली, म्हणजे हत्यारानं गंभीर दुखापत केल्याबद्दल, शिक्षा झाली. आधी सांगली जेल, मग कळंबा. सुटून आलो त्याच आठवड्यात आप्पांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, परस्पर ठरवून टाकलं की पोराला तमिळनाडूत गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, लावायचं. "तिथं कोण ओळखतंय तुला?" गाडीभाड्याचे पैसेही हातात ठेवले.

आता मला सांगा, गलाईच्या दुकानात बसलेलं कोण असतं? आपलीच माणसं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ. नवा पोरगा दिसला की पहिला प्रश्न, "गाव कुठलं? कुणाच्यातला?" एक फोन विट्याला, आमच्या तालुक्याच्या गावाला, गेला की रात्रीच्या जेवणाआधी माझी कुंडली सगळ्या बाजारपेठेत. आणि धंदा असा, की दुकानातला केरसुद्धा फेकत नाहीत. त्यात सोन्याचे कण असतात, म्हणून साठवून पुन्हा गाळतात. तिथं ग्रॅमभर हिशेब इकडंतिकडं झाला तर आधी कुणाच्या तोंडाकडं बघतील? भाषा येत नाही, आणि घर आणि मी यांच्यामध्ये अख्खा कर्नाटक.

नाही गेलो. त्या पैशातनं जुनी सायकल घेतली आणि विट्यातली यंत्रमागाची खाती, म्हणजे माग चालतात ते कारखाने, पालथी घालायला लागलो. कळंब्यात मी विणकामात होतो. तिथला माग वेगळा, विट्यातला वेगळा, पण तार ती तारच.

"आधी कुठं होतास?" असं विचारलं की मी कळंबा सांगायचो, आणि मालकाला लगेच आठवायचं की माणसं पुरेशी आहेत. एका खात्यात कामगार सणाला बिहारला गेलेले, माग बंद पडलेले, मालक वैतागून स्वतः फिरत होते. त्यांनाही सरळ सांगितलं. ते काही बोलले नाहीत, बंद मागाकडं नुसतं बोट केलं. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, तारा तुटलेल्या होत्या. टोकं हुडकली, वहीतनं, म्हणजे तारा ओवायच्या चौकटीतनं, ओढली, फणीतनं काढली, चिमटीत धरून गाठी मारल्या आणि उरलेली शेपटं कात्रीनं कापली, दातानं नाही. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, शेजारी उभा राहून बघत होता. मालकाला म्हणाला, "हात बसलाय ह्याचा." रात पाळी मिळाली.

मजुरी मात्र मीटरमागं इतरांपेक्षा कमी. वर ऐकवायचं, "तुला ठेवून घेतलंय हेच बघ." अशा मालकांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते मी तिथं कामाला असतानाच बोलून दाखवलंय. शेजारच्या खात्यानं पुऱ्या भावानं बोलावलं तेव्हा माझे मालकही गुमान पुऱ्या भावावर आले. तुमच्या भावाला सुरुवातीला कमी देतील, घेऊ दे, पण किती महिने ते पहिल्याच दिवशी बोलून घ्यायला सांगा. पोरांनी माझं नाव "तीनशे सव्वीस" ठेवलं, अजून तीच हाक मारतात. मला चालतं. मागं कुजबुजत बसण्यापेक्षा बरं.

आप्पांच्या मते मी घराण्याची लाज घालवली. लग्नाकार्यात भेटले की गाडीभाडं परत मागतात. मी त्यांना स्वतंत्रपूरचं विचारतो. आटपाडीजवळ औंध संस्थानानं 1939 साली ही खुली वसाहत काढली, कैदी तिथं बायकापोरांसह राहून शेती करतात. शिक्षा चालू असलेली माणसं आटपाडीकरांना शेजारी चालतात, आणि शिक्षा संपवून आलेला सख्खा पुतण्या तुम्हाला तमिळनाडूत पाहिजे? यावर त्यांच्याकडं उत्तर नाही, फक्त गाडीभाडं आहे.

अजून एक. "वसंतदादासुद्धा सांगली जेलमध्येच होते, पुढं मुख्यमंत्री झाले" अशी समजूत घालणारे पाहुणे तुमच्याही घरी येतील. त्यांना चहा देऊन वाटेला लावा. दादांनी 24 जुलै 1943 ला जेल फोडला तो इंग्रजांविरुद्ध. आम्ही बांधासाठी आत गेलो होतो.

कागदपत्रं: आत केलेल्या कामाचा दाखला सुटण्याआधीच मागायला सांगा, नंतर हेलपाटे पडतात. सुटकेचा दाखला आणि निकालाची प्रत जपून ठेवा. रेशनकार्डावर भावाचं नाव आहे का बघा, बऱ्याचदा घरच्यांनीच कमी केलेलं असतं. सगळे आधी सिक्युरिटी गार्डचं सुचवतात, त्या नादाला लागू नका. खासगी सुरक्षा एजन्सीच्या 2005 च्या कायद्यात शिक्षा झालेल्याला गार्ड म्हणून घेता येत नाही. एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्या पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागतात, लहान वर्कशॉपवाले सहसा हात बघतात. फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना असेल तर खरं लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या अवतार सिंग निकालानंतर निदान सरकारी नोकरीत तरी माहिती दडवणं हेच काढून टाकायला कारण होऊ शकतं. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात परिवीक्षा अधिकारी असतात, सुटलेल्या बंद्यांसाठी काय मदत मिळते ते त्यांना विचारा.

आणि हो, माझा गुन्हा मारामारीचा होता. गावाकडं त्याला माफी लवकर मिळते. चोरीचा, अफरातफरीचा किंवा बाईमाणसाच्या तक्रारीचा असेल तर लोक इतक्या सहज उंबऱ्यात घेत नाहीत, आणि त्यांचंही चुकत नाही. फिर्यादी त्याच गल्लीत राहत असेल तर गावात राहू नका. तालुका बदला. त्यासाठी राज्य बदलायची गरज नाही.

भाऊ आत कोणतं काम करत होता हे तुम्ही लिहिलंच नाहीये. आधी त्यालाच विचारा. विणकाम असेल तर सरळ विट्याला पाठवा, रात पाळीला माणूस कायम कमी पडतो.