वाचकांचे प्रश्न : ग्वांगझूच्या सासरी जेवताना

प्रश्न : मी पुण्याची असून माझे पती दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूचे आहेत. लग्नाला आठ महिने झाले आणि सध्या आम्ही त्यांच्या आईवडिलांकडेच राहतो. ‘चायनीज’ म्हणून मी आजवर जे खाल्ले, त्याचा घरच्या जेवणाशी काही संबंध दिसत नाही. मला ते फिके वाटते. सासूबाई न विचारता माझ्या वाडग्यात पदार्थ घालत राहतात. मी मासे आणि कोंबडी खाते, परंतु डुकराचे मांस मला चालत नाही आणि सूप बहुधा त्याच्याच हाडांचे असते. मी ते तसेच ठेवले की सासूबाईंचा चेहरा उतरतो. मी काय करावे?
— एक वाचक

उत्तर : तुम्ही सुरुवात सुपापासून करा, कारण कँटनी, म्हणजे ग्वांगझू आणि भोवतालच्या भागातल्या, घरात सगळ्यांत जास्त जीव त्यातच ओतलेला असतो. मी लग्न होऊन ग्वांगझूशेजारच्या फोशान शहरात आले, तेव्हा आपण जेवणाच्या शेवटी ताक घेतो त्या सवयीने सूप शेवटासाठी बाजूला ठेवत असे. तिथे ते जेवणाआधी गरम गरम प्यायचे असते, त्यामुळे मला ते आवडत नाही असा माझ्या सासूबाईंचा समज झाला आणि तो दूर व्हायला कित्येक आठवडे गेले. हे सूप मंद आचेवर दोन-तीन तास शिजत असते आणि त्यात काय घालायचे, हे बाहेरची हवा कशी आहे, कोणाला खोकला आहे, कोणाची झोप नीट होत नाही, हे पाहून ठरते. तळलेले खाऊन घसा धरला, तोंड आले, की कँटनी माणूस त्याला ‘यीत हेइ’ म्हणतो. तुमच्या आजीने याच लक्षणांना ‘उष्णता झाली’ म्हटले असते आणि सब्जा भिजत घातला असता. तेव्हा ते सूप न बोलता बाजूला सारू नका. डुकराचे मांस चालत नाही, हे पतीकरवी एकदा स्पष्ट सांगा आणि त्याच वेळी कमळकाकडी, शेंगदाणे आणि वाळवलेली लाल चिनी बोरे घालून केलेले सूप शिकवण्याची विनंती करा. त्यात हाडांऐवजी कोंबडी घालता येते आणि नुसत्या भाज्यांचेही ते चांगले होते. नकारासोबत काहीतरी मागितले, की सासूबाईंना करण्यासारखे काही उरते.

न विचारता वाढणे म्हणजे आपला आग्रहच आहे. पदार्थ मध्ये सर्वांसाठी असतात आणि प्रत्येकापुढे फक्त भाताचा वाडगा असतो. त्यामुळे वडीलधाऱ्याने चांगला तुकडा उचलून तुमच्या भातावर ठेवला, तर त्याने तुम्हाला घरातले मानले असे समजा. तुम्हीही वाढण्याच्या वेगळ्या चॉपस्टिक्सने त्यांना वाढा. अख्खा मासा असेल तर त्याच्या गालाचे मऊ मांस सासूबाईंना द्या, कारण तो मानाचा भाग मानतात. घास घेण्यापूर्वी घरातल्या थोरांना, एकेकाला नात्याने हाक मारून ‘सिक फान’, म्हणजे ‘जेवायला बसा’, असे म्हणण्याची रीत अनेक कँटनी घरांत अजून आहे. ती तुम्ही पाळलीत तर फार जवळीक वाटेल. चॉपस्टिक्स भातात उभ्या मात्र कधीही रोवू नका, कारण मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्या तशाच दिसतात.

आता फिकेपणाविषयी. मुंबईत मंचुरियन रुजले ते आपल्या जिभेसाठी; ग्वांगझूच्या स्वयंपाकघरात मुख्य कसोटी ताजेपणाची असते आणि मसाला कमी घालतात तो वस्तूची मूळ चव झाकली जाऊ नये म्हणून. एखाद्या संध्याकाळी सासूबाईंशेजारी उभे राहून वाफवलेला मासा पाहा. पाऊण किलोच्या आतल्या माशाला साधारण आठ-दहा मिनिटे वाफ पुरते. मग ताटलीत सुटलेले पाणी ओतून देतात, वर आले आणि कांद्याच्या पातीचे बारीक लांब काप पसरतात, कडकडीत तापलेले तेल त्यावर ओततात आणि कडेने सोया सॉस सोडतात. तेल चुर्रकन वाजते तेव्हा वरणावर वरून फोडणी घातल्याची आठवण होते. तिखटाची सवय लगेच सुटणार नाही, म्हणून ठेच्याची लहान वाटी आपल्यापुरती जवळ ठेवायला हरकत नाही. मात्र मासा आधी तसाच चाखावा आणि मगच ठेच्याकडे वळावे.

प्रश्न : आमचे जावई चीनमधल्या सिचुआनचे आहेत. त्यांच्या आईने पाठवलेला ‘हुआजिआओ’ हा मसाला म्हणजे आपले तिरफळच का? ते बांगड्याच्या आमटीत चालेल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दोन्ही एकाच वनस्पती-कुळातील आणि एकाच प्रजातिसमूहातील आहेत, परंतु झाडे वेगळी आहेत. तिरफळाचा वास अधिक रानटी असतो, तर हुआजिआओने जीभ जास्त बधिर होते. याच बधिरपणाला तिकडे ‘मा’ आणि मिरचीच्या तिखटाला ‘ला’ म्हणतात. बांगड्यात ते जरूर घाला, पण पहिल्यांदा तिरफळांच्या निम्मेच घ्या. जावयांच्या आईला तुमच्याकडची तिरफळेही अवश्य पाठवा. दोन्हींमधली काळी बी मात्र आधी काढून टाका. ती दाताखाली वाळूसारखी कचकचते.