आठ वर्षे उभ्या असलेल्या डिझेल ट्रॅव्हलरचे इंजिन बदलायचे आहे. जुने इंजिन आधी चालू करावे का?

आपण लिहिले आहे की वडिलांची टेम्पो ट्रॅव्हलर सांगलीत घरामागच्या शेडमध्ये आठ वर्षे उभी आहे, उभी केली तेव्हा ती ऑइल खात होती आणि धूर सोडत होती, आणि आता कुपवाडच्या एका गॅरेजमध्ये त्याच जातीचे इंजिन मिळते आहे. तेव्हा जुन्या इंजिनावर वेळ घालवावा की ते सरळ उतरवावे. माझे मत असे आहे की जुने इंजिन हाताने फिरत असेल, तर उतरवण्यापूर्वी ते एकदा चालू करावेच. गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक आणि वायरिंग यांची परीक्षा चालत्या इंजिनावरच होते आणि ते इंजिन आपल्याकडे फुकट आहे.

मी मिरजेत माझ्या गाडीच्या बाबतीत हे केले नाही. घाईने दुसरे इंजिन बसवले आणि मग कळले की क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. गिअरबॉक्स उतरवून ती सोडवली, सगळे पुन्हा जोडले, तर तिसऱ्या गिअरला घरघर येऊ लागली, कारण आतले बेअरिंग गंजले होते. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा खाली आला आणि मजुरी तितक्यांदा द्यावी लागली. जुन्या इंजिनावर अर्धा तास गाडी तपासली असती, तर दोन्ही दोष आधीच दिसले असते.

आपल्या गाडीबाबत सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे पुराचे पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या घरात गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. जुलै २०२१ मध्येही तिने धोक्याची रेषा ओलांडली. आपली गाडी या दोन्ही पुरांत तिथेच उभी होती. पाणी नुसते चाकाच्या निम्म्यापर्यंत आले असले, तरी मागच्या एक्सलच्या ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) आणि ऑइल सीलमधून ते डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीत, शिरू शकते. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या तिन्हींचे ड्रेन बोल्ट अगदी थोडे सैल करून पाहावेत. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तेच आधी बाहेर येते. ऑइल दुधाळ निघाले, तर त्या भागाचे काम आधी काढावे आणि तोपर्यंत नव्या इंजिनासाठी विसार देऊ नये.

इंजिनाला लगेच सेल्फ मारू नये. हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडावे, दोन दिवस तसेच राहू द्यावे, मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन चालण्याच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवावे. आपल्या गाडीत मर्सिडीजच्या रचनेवरचे २.४ लिटरचे जुने इंजिन असेल, तर त्यात टायमिंग बेल्ट नसून चेन असते, त्यामुळे बेल्ट तुटण्याची भीती नाही. मध्येच घट्ट अडले, तर जोर लावू नये. अशा इंजिनावर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही, ते उतरवावे.

फिरले, तर टाकीतले डिझेल विसरावे. आठ वर्षांत त्यात पाणी साचते आणि त्या पाण्यात जिवाणू वाढून काळा बुळबुळीत गाळ होतो, जो पंप आणि नोझल दोन्ही खराब करतो. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजे डिझेल घ्यावे, नवा फिल्टर बसवावा आणि जादा डिझेल टाकीत परत नेणारी नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी. हँड प्रायमरने (डिझेल हाताने ओढणाऱ्या छोट्या पंपाने) फिल्टरपाशी बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. त्यानंतर नोझलकडील पाइपचे नट सैल ठेवून सेल्फ मारावा आणि डिझेल येऊ लागताच ते आवळावेत. इनटेकपाशी (इंजिन हवा आत घेते त्या तोंडापाशी) पेट्रोलचा बोळा धरण्याची आपल्याकडची सवय कृपया टाळावी, कारण हीटर प्लग तापलेले असताना तिथे भडका उडू शकतो. आपण सिलिंडरमध्ये ऑइल घातलेले असल्यामुळे इंजिन ऑइलवरच बेफाम पळण्याचा धोका असतो आणि तेव्हा डिझेल बंद करणारी स्टॉप केबल ओढून उपयोग होत नाही. म्हणून इनटेकचे तोंड पूर्ण झाकेल अशी लाकडी फळी हातात घेऊन एक माणूस उभा ठेवावा. हात किंवा कापड तिथे कधीही लावू नये.

चालू झाल्यावर मागचा एक्सल भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून आणि पुढच्या चाकांना अडण लावून क्लच सुटतो का, सगळे गिअर पडतात का, आवाज कोणत्या गिअरला येतो, हे पाहावे. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्युम पंपावर चालतो आणि तो पंप इंजिनच फिरवते, त्यामुळे ब्रेकची खरी तपासणीही आत्ताच होते. व्हील सिलिंडर, रबरी होज आणि ब्रेक ऑइल मात्र तपासणी न करताच बदलावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि आठ वर्षांत आतून गंज धरलेला असतो.

कुपवाडचे इंजिन थंड असताना आपल्यासमोर चालू करायला सांगावे आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यावे. चार सिलिंडरमध्ये सुमारे ३ बारपेक्षा जास्त फरक असेल, तर घेऊ नये. ते ट्रॅक्स गाडीतून काढलेले असेल, तर फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसते ते) ब्रॅकेट आणि खालचा ऑइल संप जुन्याशी ताडून पाहावेत.

इंजिन नंबर आर.सी.वर असतो, म्हणून मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे सांगलीच्या आर.टी.ओ.ची परवानगी पैसे देण्यापूर्वी विचारावी, गाडीच्या नोंदणीची मुदत शिल्लक आहे का तेही त्याच फेरीत पाहावे आणि इंजिनाच्या पावतीवर त्याचा नंबर लिहून घ्यावा.

डिफरन्शियलचे ऑइल कसे निघाले ते कळवावे. गिअरबॉक्स उघडायचा की नाही, हे मी त्यावरूनच सांगू शकेन.