रॉयल पोर्टरश गोल्फ क्लबला डनलूस कोर्सवर खेळायची वेळ मिळाली नाही, तर तिथलाच व्हॅली कोर्स खेळावा का?

नक्की खेळा. उत्तर आयर्लंडमधल्या या क्लबचा डनलूस लिंक्स (किनाऱ्यालगतच्या वाळूच्या जमिनीवरचा कोर्स) 2019 आणि 2025 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. व्हॅली त्याच्या आणि ईस्ट स्ट्रँड किनाऱ्याच्या मधल्या सखल पट्ट्यात आहे. डनलूसची आजची 7 वी आणि 8 वी होल व्हॅलीच्याच जमिनीवर बांधलेली आहेत. 2010 चा यूएस ओपन विजेता ग्रॅम मॅकडॉवेल ज्या राथमोर क्लबात घडला, त्याचं मैदान व्हॅलीच.

फसगत वाऱ्याने होते. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, तो जाणवत नाही, पण चेंडू वाळूच्या टेकडीच्या वर गेला की भरकटतो. म्हणून चेंडू जमिनीलगत राहील असा फटका मारा, तो ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडे टाकून घरंगळू द्या. उंच गवतात गेलात तर ग्रीनचा मोह सोडा, वेजने (चेंडू उंच उचलणाऱ्या काठीने) आडवा काढून फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर, या.